गोळ्या सिव्हिलमध्ये, दाखला तहसीलमध्ये, पेशंट घरात: ‘भागीदारीतून काळजी’ म्हणजे नक्की काय?

दरवर्षी १० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आगेमागे वर्तमानपत्रांच्या नाशिक पानांवर एकाच साच्यातल्या बातम्या दिसतात. कुठे रॅली, कुठे पथनाट्य, कुठे परिसंवाद. त्यात काही शब्द हमखास असतात: समुदायाधारित सेवा, समन्वय, सर्व घटकांचा सहभाग, भागीदारी. ज्यांच्या घरात वर्षानुवर्षांचा आजार मुक्कामाला आहे, ती माणसं बातमी वाचतात आणि पान उलटतात. उद्या सकाळी आपल्या दारात यातलं काय पोहोचणार, ते त्या बातमीत लिहिलेलं नसतं.

या जड शब्दांखालचे प्रश्न मात्र रोजचेच आहेत. गोळ्या कुठून आणायच्या? दाखला कोण देणार? पेशंटने गोळ्या थुंकायला सुरुवात केली तर फोन कुणाला करायचा? आणि हे सगळं ओढणारी घरातली बाई स्वतः अंथरुणाला खिळली तर? या प्रश्नांना वेगवेगळ्या खात्यांनी, डॉक्टरांनी, पेशंटने आणि घरच्यांनी मिळून उत्तर देणं, एवढाच भागीदारीचा अर्थ. लेखात उदाहरणं मानसिक आजाराची घेतली आहेत, कारण गुंता तिथे सगळ्यात जास्त आहे. पक्षाघाताने पडून असलेले वडील, स्मृतिभ्रंश झालेली आजी किंवा बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा ज्या घरात आहे, त्यांनाही यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

दवाखान्याबाहेरची वर्षं

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या आजारात माणूस दवाखान्यात भरती असतो तो काळ थोडा. काही दिवस, फार तर काही आठवडे. बाकीची वर्षं तो घरीच असतो. गोळ्या वेळेवर जातात का, झोप लागते का, चार लोकांत बसतो का, हातांना काही काम आहे का, पुन्हा बिघडायची लक्षणं दिसतात का, हे सगळं घरी, गल्लीत आणि गावात बघावं लागतं. याला समुदायातली काळजी म्हणतात. महाराष्ट्रात मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्यांमध्ये पेशंटला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणायची पद्धत आहे. दोन्ही शब्द सुटसुटीत आहेत, पुढे तेच वापरतो.

राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नाशकात त्यांतलं एकही नाही. असतं तरी प्रश्न सुटला नसता, कारण आजच्या कायद्याची दिशाच वेगळी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ सांगतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंबाने नाकारलं, राहायला जागा नाही किंवा बाहेर सोयी नाहीत, एवढ्या कारणावर त्याला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. बाहेरच्या सोयी उभ्या करणं ही सरकारची जबाबदारी आहे, असंही तेच कलम म्हणतं.

गरज किती मोठी आहे, हे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून दिसतं. देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. ज्यांच्यापर्यंत पोहोचले, त्यांचीही पुढची वाट सरळ नसते.

सगळं आहे, जोडलेलं नाही

नाशकात काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. सिव्हिल आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. देशात तो १९९६ साली सुरू झाला, आणि मानसोपचार जिल्ह्याच्या ठिकाणाहून खाली तालुक्यापर्यंत नेणं हाच त्याचा हेतू. महापालिकेची बिटको आणि झाकिर हुसेन ही रुग्णालयं आहेत. कारखान्यात नोकरी असेल तर सातपूरचं कामगार विम्याचं रुग्णालय आहे. गावात आणि वस्तीत आशाताई आहेत. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. महापालिका असो वा ग्रामपंचायत, उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा राज्याचा नियम आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही मोडतो. शिवाय ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीतसुद्धा.

आता समजा, सिडकोतलं एक घर आहे. आई साठीची, मुलगा बत्तिशीचा, वडील अंबडच्या कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षांत गेले. मुलाला कॉलेजात असतानाच स्किझोफ्रेनिया झाला. आई दर महिन्याला सरकारी दवाखान्यात केस पेपर काढून गोळ्या आणते. मुलगा रांगेत उभा राहत नाही, म्हणून बहुतेक वेळा एकटीच जाते. डॉक्टर विचारतात, “पेशंट कुठंय?” पेशंट न बघता गोळ्या किती महिने लिहायच्या, हा त्यांचाही रास्त प्रश्न असतो.

कुणीतरी सांगतं, सर्टिफिकेट काढा, अनुदान मिळेल. मानसिक आजाराची अक्षमता मोजायला ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची निगा, लोकांशी संबंध, संवाद व समज, आणि काम, या चार बाबींत माणूस किती मागे पडलाय ते तिने बघतात, शिवाय आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. या मोजणीत घरच्यांना विचारावंच लागतं. म्हणजे आईने पुन्हा सगळा इतिहास सांगायचा, जुने कागद शोधायचे. प्रमाण ४० टक्के किंवा वर आलं तर सवलतींसाठी चालणारं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र. मग उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक घेऊन सेतू आणि तहसील. मंजुरी झाली तरी दरवर्षी हयातीचा दाखला. इतकं करताना एखाद्या महिन्यात गोळ्या आणायच्या राहतात, मुलगा बिघडतो, रात्री दारावर डोकं आपटतो, शेजारी पोलिसांना फोन करतात. पोलीस येतात तेव्हा त्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि असायचं कारणही नसतं.

या गोष्टीत चुकलं कोण? डॉक्टर नाही, सेतूवाला नाही, तलाठी नाही, हवालदारही नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतं काम केलं. दवाखान्याला अनुदान मंजूर झाल्याचं कळलं नाही, तहसीलला गोळ्या थांबल्याचं कळलं नाही, आशाताईंना तर या घरात पेशंट आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. या सगळ्या जागांना जोडायचं काम त्या आईकडे आलं. त्याला पगार नाही, रजा नाही. आणि शुभंकरांच्या कुठल्याही बैठकीत जो प्रश्न आज ना उद्या निघतोच, “आमच्यानंतर याचं काय?”, त्याचं उत्तर या रचनेत नाही. कारण आई गेली की मुलगा तर एकटा पडतोच, पण जोडणीही तुटते.

मला विचाराल तर भागीदारी हवी ती इथे. नवीन इमारत नंतर बांधा, आधी जोडणीचं काम त्या बाईच्या अंगावरून काढून व्यवस्थेकडे न्या.

निर्यातीची पेटी

निफाड-दिंडोरीकडून द्राक्षाची पेटी परदेशी कशी जाते, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. बागेची नोंदणी झालेली असते. तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधांचे अंश तपासले जातात. तोडणी झाली की काही तासांत माल पॅकहाऊसला, तिथे प्री-कूलिंग, मग शीतगृह, कंटेनर, बंदर, जहाज. या वाटेवरचा शेतकरी, कृषी खातं, प्रयोगशाळा, पॅकहाऊस आणि निर्यातदार हे कुणी कुणाचे नोकर नाहीत. सगळ्यांचे मालक वेगळे, हिशेब वेगळे, कधी कधी भांडणंही. तरीही शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीत टप्प्याटप्प्याची नोंद होत असल्यामुळे युरोपातल्या पेटीवरून ती कोणत्या बागेतली, हे मागे शोधत येता येतं. पुढच्याने माल ताब्यात घेतल्याशिवाय मागचा हात सोडत नाही, कारण मधे थंडावा तुटला तर पेटी वाया जाते आणि नुकसान सगळ्यांचंच होतं. शेतकऱ्याला पेटी डोक्यावर घेऊन पॅकहाऊस ते न्हावा-शेवा पायपीट करावी लागत नाही.

माणसाच्या काळजीत आपण तीच पायपीट घरच्यांना करायला लावतो. भागीदारीत चार गोष्टी लागतात आणि त्यांतल्या तीन या पेटीच्या प्रवासात सापडतात. पहिली, एकच लेखी योजना, जी सगळ्यांना माहीत असेल. दुसरी, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर सोपवताना ‘मिळालं’ असं समोरच्याने म्हणणं. दवाखान्याने डिस्चार्ज दिला तर त्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला तो कळला का? तिसरी, शुभार्थीच्या घरच्यांना नावानिशी माहीत असलेला एक माणूस, ज्याला काहीही झालं तरी फोन करता येईल. पेटीची उपमा मात्र चौथ्या गोष्टीपाशी थांबते. द्राक्षाला मत नसतं. शुभार्थीला असतं. योजना त्याच्याबद्दल असेल तर ठरवताना तो खोलीत असायला हवा, आणि वर्षानुवर्षं त्याला जवळून बघणारा शुभंकरही.

इंग्लंडचा अनुभव: कायदे झाले, पैशाचं भांडण उरलं

समुदायातल्या काळजीबद्दल जगात सगळ्यात जास्त कागद बहुधा इंग्लंडमध्ये रंगवले गेले असतील. तिथे मोठी मनोरुग्णालयं हळूहळू बंद होत होती, माणसं घरी येत होती, आणि त्यांची जबाबदारी आरोग्यसेवेची की स्थानिक पालिकेची यावर घोळ होता. सरकारने सर रॉय ग्रिफिथ्स यांना अहवाल द्यायला सांगितलं. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, सेन्सबरी या किराणा दुकानांच्या साखळीचे व्यवस्थापक होते. १९८८ च्या त्यांच्या अहवालाचा रोख असा की समुदायातल्या काळजीची जबाबदारी स्पष्टपणे स्थानिक पालिकेकडे द्या, गरज तिनेच तपासावी आणि सेवा तिनेच जुळवून द्यावी. त्यातून १९९० चा कायदा आला आणि १९९३ पासून तो पूर्णपणे लागू झाला. मानसिक आजारासाठी १९९१ पासून प्रत्येक शुभार्थीला लेखी योजना आणि एक ठरलेला कार्यकर्ता देण्याची पद्धत सुरू झाली.

नंतर नजर शुभंकरांकडे वळली. १९९५ च्या कायद्याने त्यांना स्वतःच्या गरजा तपासून घेण्याचा हक्क मिळाला. २०१४ च्या केअर कायद्याने हा हक्क शुभार्थीच्या हक्काच्या बरोबरीला आणला. आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्याला, इतर अटी पूर्ण होत असतील तर, भत्ताही मिळतो. १९९९ च्या आरोग्य कायद्याने आरोग्यसेवा आणि पालिका यांना आपापल्या निधीतून एक सामाईक तिजोरी करायला परवानगी दिली. २०१० मध्ये शुभंकरांच्या संस्थेच्या पुढाकारातून ‘ट्रँगल ऑफ केअर’ नावाची मार्गदर्शिका निघाली. शुभार्थी, शुभंकर आणि व्यावसायिक या तिघांनी मिळून काम करायचं, आणि दवाखान्याने पहिल्याच भेटीत शुभंकर कोण हे विचारून नोंदवायचं, हा तिचा गाभा.

मग सगळं सुरळीत झालं का? नाही. तिथे वैद्यकीय उपचार फुकट आहेत, पण घरी येऊन अंघोळ घालणं, जेवू घालणं अशी सामाजिक काळजी उत्पन्न आणि मालमत्ता बघून मिळते. त्यामुळे एखाद्या म्हाताऱ्या बाईला घरी सोडायचं तर खर्च कोणाच्या खात्यातून, यावर खेचाखेच होते आणि बाई खाटेवर पडून राहते. सामाईक तिजोरीची परवानगी असूनही ही खेचाखेच कितीतरी वर्षं चालू राहिली. आपण यातून एवढं उचलावं: बैठका कितीही घ्या, खर्चाचा वाटा आधी ठरला नाही तर भागीदारी चहाबिस्किटापुरती उरते.

पेठमध्ये काय झालं

इंग्लंड लांब आहे. पेठ सावळघाटापलीकडे आहे.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने ‘आत्मीयता’ हा प्रकल्प २०१३ ते २०१५ या काळात आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, ४१ गावांमध्ये करून पाहिला. त्यात दोन फळ्या होत्या. एका फळीतल्या गावकऱ्यांनी फक्त डोळे आणि कान उघडे ठेवायचे: कोण उदास आहे, कोण घरातून बाहेर पडत नाही, कुणाच्या घरी ताण आहे. हे आत्मीयता मित्र. दुसऱ्या फळीतल्या निवडक लोकांना जास्त प्रशिक्षण दिलं होतं. ते त्या माणसाकडे पुन्हा पुन्हा जाऊन बोलायचे, स्मार्टफोनवर छोट्या फिल्म दाखवून गावात चर्चा घडवायचे, आजार गंभीर वाटला तर दवाखान्याची वाट दाखवायचे. आणि सरकारी योजनेचा लाभ मिळवून द्यायलाही मदत करायचे.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्याची उदासी कर्जातून, बुडालेल्या मजुरीतून किंवा रखडलेल्या पेन्शनमधून आलीय, त्याच्याशी नुसतं मन मोकळं करून बोलत राहणं अपुरं पडतं. पेठच्या कामात दवाखाना आणि तहसील या दोन वाटा एकाच माणसाच्या हातात आल्या होत्या, आणि तो माणूस त्याच गावचा, कोकणा किंवा महादेव कोळी घरातली बोली बोलणारा असू शकत होता. पुढे हेच काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेलं गेलं.

अर्थात, गावातल्या मित्राने स्किझोफ्रेनियावर उपचार करावेत अशी अपेक्षा कुणी ठेवलेली नव्हती. सुरगाण्याच्या टोकावरून नाशिक ८०-९० किलोमीटर, त्यात घाट आणि अधूनमधून मिळणारी एसटी. तिथल्या घराला गोळ्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळाल्या पाहिजेत, आणि मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी तिथे आले पाहिजेत. मित्राची मदत तज्ज्ञाच्या जागी नाही, तज्ज्ञापर्यंत पोहोचवण्यासाठी.

कायद्यात घरच्यांची जागा

आपल्याकडे कायदा इंग्लंडइतका पसरट नाही, पण वाटतो त्यापेक्षा बरा आहे. २०१७ च्या कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आहे: शुभार्थीची निर्णयक्षमता कमी झाली असेल त्या काळात उपचारांबाबत त्याला साथ देणारा, त्याच्या वतीने माहिती मागू शकणारा माणूस. कुणालाच नेमलं नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारा, आणि कुणीच नसेल तर पुनर्विलोकन मंडळाने (त्याबद्दल पुढे) नेमलेली योग्य व्यक्ती किंवा समाजकल्याण खात्याचे संचालक, असा क्रम कायद्यानेच लावून दिलाय. जोडीला ‘आगाऊ निर्देश’ आहे. बरा असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुढे बिघडलो तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका. आणीबाणीच्या उपचारांना तो लागू होत नाही.

याच कायद्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळं आणली. त्यांत न्यायाधीश, प्रशासन आणि डॉक्टर यांच्या बरोबरीने दोन जागा शुभार्थी, शुभंकर किंवा त्यांच्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. हे उपकार म्हणून नाही, मंडळाच्या रचनेतच आहे.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वेगळा, १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. अठरा वर्षांनंतर पालकत्व कोणाकडे, हे जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती ठरवते. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघं बसतात. न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना ओपीडी आणि थेरपीचाही खर्च देते. निव्वळ मानसिक आजाराला मात्र हा न्यास लागू नाही, आणि तिथे कितीतरी पालकांची निराशा होते.

‘आपल्याकडे घरचे करतातच की!’

हा आक्षेप पहिला येतो आणि अभिमानाने येतो. करतात, खरंच. पण घरचे म्हणजे कोण? आई, बायको, बहीण, सून. पुरुष करतात तिथेही बहुधा दवाखान्याच्या फेऱ्या करतात, रात्रीचं जागरण बाईकडे. शिवाय ज्या एकत्र कुटुंबाच्या भरवशावर हे चाललं होतं, ते आता इंदिरानगरच्या दोन खोल्यांत आहे आणि मुलगी नोकरीला पुण्यात. घरच्यांच्या मायेवर व्यवस्था उभी करायला हरकत नाही. त्यांच्या थकण्यावर उभी करायला आहे.

घरच्यांना सांगितलं तर पेशंटच्या गोपनीयतेचं काय?

डॉक्टर कधी कधी ‘पेशंटची माहिती देता येत नाही’ म्हणतात आणि शुभंकर दुखावतो. कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि तो पाळलाच पाहिजे. पण नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याच्या कामापुरती माहिती देता येते, उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला देता येते, आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तरी देता येते, हेही त्याच कलमात आहे. आणि एक साधी गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. डॉक्टरने सांगण्यावर बंधन आहे, ऐकण्यावर नाही. “चार रात्री झोपला नाही, पैसे उडवतोय” हे आईने सांगितलं आणि डॉक्टरने टिपून घेतलं, तर कुणाचीही गोपनीयता भंगत नाही.

आणि घरचेच त्रास देत असतील तर?

हा आक्षेप शुभार्थींकडून येतो आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर आहे. ‘कुटुंबाचा सहभाग’ म्हणताना आपण कुटुंब प्रेमळच असतं असं गृहीत धरतो. सासरच्यांनी आजाराचा दाखला घटस्फोटासाठी वापरणं, भावांनी वाटणीतून नाव काढणं, जेवणात लपवून गोळ्या देणं, मारहाण, हे सगळं घरांतच होतं. अशा घरात भागीदारी म्हणजे तिघांनी मिळून एकाला गप्प बसवणं होऊ शकतं.

म्हणून शुभार्थी आणि शुभंकर यांना एकाच खुर्चीवर बसवता कामा नये. दोघांच्या गरजा कधी एक असतात, कधी अगदी उलट. आईला वाटतं त्याने दिवसभर घरात राहावं, त्याला वाटतं गोदाघाटावर एकटं फिरून यावं. डॉक्टरांनी शुभार्थीशी एकट्याने बोलायची वेळ ठेवली पाहिजे. प्रतिनिधी नातेवाईकच असावा अशी सक्ती नाही, मित्र चालतो, मैत्रीण चालते. प्रतिनिधी चुकीचं वागत असेल तर तो बदलायला मंडळाकडे जाता येतं. मतभेद लेखी नोंदवले गेले तर बरंच. सगळे सगळ्याला हो म्हणतात त्या बैठकीत कुणीतरी घाबरलेलं असतं.

आशाताईंवर आणखी एक ओझं?

ही भीती रास्त आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशाताई, आणि गरोदरपणापासून क्षयरोगापर्यंत सगळी सर्वेक्षणं तिच्याकडे. ती पगारी कर्मचारी नाही, मानधन आणि कामामागे मोबदला यावर काम करते. मोबदला न ठरवता आणखी एक रजिस्टर हातात देणं म्हणजे काळजीचं ओझं एका फुकट राबणाऱ्या बाईकडून दुसऱ्या कमी पैशांत राबणाऱ्या बाईकडे सरकवणं. तिला काम द्यायचंच तर मर्यादित द्या: ओळखणं, कळवणं आणि गोळ्या चालू आहेत का एवढं विचारणं. बाकी जिल्हा कार्यक्रमातल्या मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याचं काम आहे, आणि ती पदं भरलेली ठेवणं सरकारचं.

‘सरकारी खाती एकत्र काम करूच शकत नाहीत’

सिंहस्थात करतात. २०१५ ला केलं, २०२७ साठी चाललंय. पोलीस, महापालिका, एसटी, आरोग्य, पाटबंधारे, सगळे एका आराखड्यावर. कारण तिथे मुदत ठरलेली असते, निधी वेगळा काढलेला असतो आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. या तीन गोष्टी मिळाल्या तर काळजीच्या कामात खाती एकत्र येणार नाहीत असं मानायला मला कारण दिसत नाही. खर्चही सिंहस्थाच्या मानाने चिल्लर आहे. अडचण एवढीच की मानसिक आजाराला पर्वणीची तारीख नसते, त्यामुळे घाई कुणालाच नसते.

सुरुवात कुठून करता येईल

व्यवस्थेने करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. दिव्यांग तपासणी आणि अनुदानाचे अर्ज महिन्यातून एक दिवस एकाच जागी घेतले, तर त्या सिडकोतल्या आईच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. डिस्चार्ज कार्डाची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा महापालिकेच्या दवाखान्याला जायला हवी. शुभंकराला महिन्यातून दोन दिवस तरी मोकळे मिळावेत म्हणून दिवसभर सांभाळणारं केंद्र हवं; पाच टक्के निधीतून महापालिकेने आणि मोठ्या ग्रामपंचायतींनी ते करायची मागणी ग्रामसभेत, प्रभागात करता येते. आणि जिथे जिथे समिती आहे, तिथे शुभार्थी व शुभंकर किमान दोन-दोन असावेत. एकटा माणूस साहेबांसमोर बोलत नाही. त्यांच्या प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च द्यावा, आणि बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवू नये.

घरच्यांनी या सगळ्याची वाट बघत बसायचं कारण नाही. एक वही करा: कुठली गोळी, किती, कधी बदलली, कशाने त्रास झाला, बिघडण्याआधी कुठली लक्षणं दिसतात. यूडीआयडी आणि जुन्या केस पेपरच्या झेरॉक्स तिच्यातच ठेवा आणि दर फॉलोअपला डॉक्टरांसमोर ती उघडा. शहरात शुभंकरांचा गट असेल तर जा, नसेल तर ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन घरांचे फोन नंबर घ्या. गटाची सुरुवात बहुतेक अशीच होते. आणि पेशंट बरा असतानाच्या एखाद्या दुपारी त्याच्याशी प्रतिनिधीबद्दल बोला. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर कुणाला नेमतोय ते लिहून त्याची सही किंवा अंगठा पुरतो, नेमलेल्या माणसाची संमती हवी, आणि शुभार्थीला वाटेल तेव्हा ते नाव बदलता येतं.